तुमचे प्रश्न: एक बाहुली, तीन माणसं आणि एकच आवाज

मागच्या अंकात जपानच्या बुनराकू बाहुलीनाट्यावर चार ओळी लिहिल्या काय आणि इतके प्रश्न आले की वाचून मन भरून आलं! सगळे घेता येणार नाहीत, पाच घेतेय. पहिल्यावर जरा जास्तच बोलणार आहे, माझा जीव त्यातच अडकलाय.

यूट्यूबवर बुनराकूचा व्हिडिओ बघितला. बाहुली एक आणि तिला धरून तीन माणसं, तीही आपल्या डोळ्यांसमोर. दोघं काळ्या बुरख्यात, एकाचा चेहरा चक्क उघडा. आमच्या शेजारी पिंगुळीला कळसूत्री बाहुल्या नाचवणारे पडद्यामागे असतात, मग हे लोक लपत का नाहीत? आणि एवढ्या गर्दीत बाहुलीकडे लक्ष जाणार कसं? (एक वाचक, कुडाळ)

जातं हो, नक्की जातं, थोडा वेळ द्या फक्त. सुरुवातीला तुमची नजर त्या माणसांवरच फिरते, हा कोण तो कोण, आणि मग कधीतरी ती बाहुली मान खाली घालते, खांदा जरासा पडतो, आणि त्यानंतर ती तिघं समोर असूनही दिसेनाशी होतात.

आता कामाची वाटणी बघा. मुख्य कलाकार म्हणजे ओमोझुकाई, त्याचा डावा हात बाहुलीच्या पाठीतून आत जाऊन डोकं सांभाळतो आणि उजव्या हाताने तो बाहुलीचा उजवा हात चालवतो. दुसऱ्याकडे फक्त बाहुलीचा डावा हात. तिसरा वाकून नुसते पाय चालवतो. ओमोझुकाई उंच लाकडी खडावा घालून उभा राहतो म्हणजे पायवाल्याला खाली जागा मिळते, आणि त्या खडावांच्या तळाला गवती चपला बांधलेल्या असतात, खडखडाट होऊ नये म्हणून. बोलून एकमेकांना काही सांगायची सोय नाही. बाहुलीच्या डोक्याची, खांद्याची बारीकशी हालचाल हीच डाव्या हातवाल्याला खूण, आणि पायवाला ओमोझुकाईच्या कमरेला अंग लावून असतो, तिथून त्याला कळतं की आता पाऊल उचलायचं.

आणि यासाठी किती वर्षं द्यायची? पायांना दहा वर्षं, डाव्या हाताला आणखी दहा-पंधरा, असं तिथे परंपरेने म्हणतात, त्यानंतर कुठे डोकं हातात येतं. म्हणजे विशीत आलेला मुलगा पन्नाशीकडे झुकेपर्यंत प्रेक्षकांना त्याचा चेहराही फारसा दिसलेला नसतो. चेहरा उघडा ठेवायचा मान मुख्य कलाकाराचा, तोही महत्त्वाच्या प्रवेशांत, आणि तेव्हाही त्याने चेहऱ्यावर काही दाखवायचं नाही. रडायचं तर बाहुलीने. मला ही शिस्त फार मोठी वाटते.

बाहुल्या पहिल्यापासून अशा नव्हत्या बरं का. आधी एका बाहुलीला एकच माणूस असायचा, तिघांची पद्धत 1734 मध्ये ओसाकात आली. 'बुनराकू' हे नाव तर त्याहून नंतरचं, ओसाकाजवळच्या आवाजी नावाच्या बेटावरून आलेल्या उएमुरा बुनराकुकेनवरून पडलेलं. त्याच्या परंपरेतलं थिएटर 1872 पासून 'बुनराकू-झा' म्हणून चालायचं, बाकीची थिएटरं बंद पडत गेली, हे उरलं, आणि थिएटरचं नाव अख्ख्या कलेलाच चिकटलं.

स्त्री-बाहुल्यांना पाय नसतात म्हणे, खरं का? मग त्या चालतात कशा? (एक ताई, सातारा)

खरंय, बहुतेकींना नसतात. पायवाला किमोनोचा खालचा घोळ आतून मुठींनी असा हलवतो की आत गुडघा आहे, पाऊल आहे असं वाटतं, ती बसते, वळते, धावतेसुद्धा. अजून एक गंमत, काही स्त्री-बाहुल्यांच्या ओठाशी बारीकशी टाचणी असते, रडताना किमोनोची बाही त्यात अडकवतात आणि आपल्याला दिसतं की बाईने हुंदका दाबायला बाही दातात धरलीय.

पण एका नाटकात बाईला पाऊल दिलंय आणि तो प्रवेश मी कधी विसरणार नाही. नाटककार चिकामात्सू मोन्झाएमोनचं 'सोनेझाकी शिंजू', 1703 चं, ओसाकात प्रेमी जोडप्याने खरोखर जीव दिला होता त्यावर महिन्याभरात रचलेलं. सोया सॉसच्या दुकानातला तोकुबेई फसवला गेलाय, त्याची प्रेयसी ओहात्सू जिथे गणिका आहे त्या घरी तो जोत्याखाली लपलाय, वर त्याला फसवणारा बसून बडबडतोय. ओहात्सू बोलण्याच्या ओघात विचारते, मरायची तयारी आहे का, आणि पाऊल हळूच खाली सोडते. तोकुबेई ते पाऊल धरून स्वतःच्या गळ्यावरून फिरवतो. झालं, हेच त्याचं उत्तर. एरवी जे पाऊल नसतंच ते नेमकं इथे दिसतं, म्हणून काळजात घुसतं.

पुढे सरकारने अशा नाटकांवर बंदी आणली आणि हे नाटक रंगमंचावरून गेलं ते थेट 1955 मध्ये परत उभं राहिलं. तेव्हापासून योशिदा तामाओ (पहिले) यांनी तोकुबेईची बाहुली 1,100 हून जास्त वेळा चालवली. एकच भूमिका, विचार करा!

बाहुल्यांचे आवाज कोण काढतं? प्रत्येक पात्राला वेगळा माणूस असतो का? (एक कॉलेज विद्यार्थी, नागपूर)

नाही रे, एका प्रवेशात बहुतेक एकच जण, त्याला तायू म्हणतात. म्हातारा, लहान मूल, सामुराई, रडणारी आई, शिवाय मधलं निवेदन, सगळं तोच. आपल्या कीर्तनकारासारखं, एकाच गळ्यातून सगळी माणसं. शेजारी जाड दांडीच्या शामिसेनवर, म्हणजे तीन तारांच्या वाद्यावर, साथीदार. आवाज पोटातून यावा म्हणून तायू पोटाला पट्टा घट्ट बांधतो आणि वाळू वगैरे भरलेली वजनदार पिशवी कपड्यांच्या आत ठेवतो. तायू, शामिसेनवाला आणि बाहुलीवाले एकमेकांकडे बघत नाहीत तरी सगळं एका श्वासात चालतं. या गायनाला गिदायू म्हणतात, 1684 मध्ये ओसाकाच्या दोतोन्बोरीत थिएटर काढणाऱ्या ताकेमोतो गिदायूवरून.

हे फक्त घराण्यातल्या पुरुषांचंच काम का? माझ्या मुलीला बाहुल्यांचं वेड आहे म्हणून विचारते. (एक आई, ठाणे)

घराणं लागत नाही. योशिदा, किरिताके ही आडनावं गुरूकडून मिळतात, रक्ताने नाही. 1972 पासून सरकारी प्रशिक्षण आहे आणि आजचे निम्म्याहून जास्त कलाकार त्यातूनच आलेत, तरी एकूण व्यावसायिक कलाकार शंभरसुद्धा नाहीत, आणि याची मला मनापासून काळजी वाटते. युनेस्कोच्या यादीत नाव आहे, पण यादी बाहुलीचे पाय चालवायला येत नाही, त्यासाठी पोरंच लागतात.

ओसाकाच्या मुख्य मंडळीत मात्र आजही सगळे पुरुष. ते मला पटत नाही, स्पष्ट सांगते, कारण आवाजी बेटावर बायका गातात, वाजवतात. त्सुरुझावा तोमोजी या आवाजीच्या शामिसेनवादक बाईंना 1998 मध्ये राष्ट्रीय मानवी संपदा हा जपानचा मोठा मान मिळाला, 103 वर्षं जगल्या त्या. आणि ओतोमे बुनराकू नावाचा प्रकार आहे, त्यात एकटी बाई अख्खी बाहुली स्वतःच्या अंगाला बांधून चालवते. मुलीला ते जरूर दाखवा.

मुलगा ओसाकात नोकरीला आहे, आम्ही दोघं जाणार आहोत. जपानी येत नाही, तिकीट काढावं का? (एक काका, औरंगाबाद)

काका, काढाच! निप्पोनबाशीला राष्ट्रीय बुनराकू थिएटर आहे, 1984 पासूनचं. मोठे प्रयोग जानेवारी, एप्रिल, उन्हाळा आणि नोव्हेंबरमध्ये असतात, त्यामुळे तारखा आधी बघून मगच विमानाचं बुकिंग करा. इंग्रजी ऑडिओ गाइड मिळतो, पण तरी आदल्या रात्री मुलाकडून गोष्ट समजून घ्या, म्हणजे तिथे कान गायनाला मोकळे राहतील. जागा शक्यतो उजवीकडची घ्या, तायू आणि शामिसेनवाला त्याच बाजूच्या चौथऱ्यावर बसतात, चौथऱ्याचा मधला भाग फिरतो आणि ते दोघं एकदम समोर येतात. सुरू करायच्या आधी तायू संहितेची पोथी दोन्ही हातांनी उचलून तिला वंदन करतो. काकूंना सांगून ठेवा, तो क्षण चुकवू नका.