हजाराला पळतं, लाखाला बसतं

प्रश्न : ग्राहकांच्या यादीतले दुबार मोबाइल नंबर काढायला पायथनमध्ये स्क्रिप्ट लिहिली. हजार नंबरांचं काम डोळ्याचं पातं लवेतो होतं. प्रोफायलर (प्रोग्रामच्या कोणत्या भागात किती वेळ गेला ते दाखवणारं साधन) लावला तर सगळ्यात वर फाइल वाचणं दिसतं. खऱ्या यादीत लाखभर नंबर आहेत, तिथे स्क्रिप्ट बसूनच राहते. प्रोफायलर खोटं बोलतो का?

उत्तर : नाही, विचारलं तेवढंच सांगतो. हजार नंबरांत वेळ कुठे गेला, हे तुम्ही विचारलंत. नंबर वाढले की काय फुगेल, हे विचारलंच नाही. त्यासाठी दर वेळी नंबर दुप्पट करून वेळ मोजा. समजा, आकडे असे आले : १,००० ला ०.०२ सेकंद, २,००० ला ०.०५, ४,००० ला ०.१७, ८,००० ला ०.६५, १६,००० ला २.५७. आता सेकंद विसरा, पट बघा. आधी अडीच, मग ३.४, मग ३.८, मग जवळजवळ ४. नंबर दुप्पट झाल्यावर वेळही दुप्पट झाला तर काळजी नाही. दुपटीहून किंचित जास्त झाला तर बहुधा कुठेतरी सॉर्टिंग (यादी क्रमाने लावणं) आहे. चौपट झाला तर वेळ नंबरांच्या संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतोय. सुरुवातीचे अडीच फसवे आहेत. फाइल उघडणं, मॉड्यूल लोड होणं हा ठरलेला खर्च लहान यादीत बाकी सगळं झाकून टाकतो. याच चालीने लाखाला शंभर सेकंद लागतील आणि दहा लाखांना पावणेतीन तास.

बहुतेक वेळा गुन्हेगार एकच ओळ असते : ‘हा नंबर आधी आलाय का’ हे लिस्टमध्ये शोधणारी. लिस्ट दर वेळी पहिल्यापासून चाळली जाते. तिथे सेट (सगळं न चाळता थेट शोधू देणारी रचना) वापरा आणि पुन्हा पट मोजा.

प्रश्न : एकच प्रोग्राम पाच वेळा चालवला तर पाच वेगळे आकडे येतात. कोणता धरू?

उत्तर : सगळ्यात लहान. दुसरं कुठलं तरी काम मध्ये कडमडलं तर वेळ वाढतो, कमी होत नाही. लॅपटॉप असेल तर चार्जर लावून, ब्राउझर बंद करून मोजा.

प्रश्न : सॉर्टिंगच्या चाचणीला १ ते १,००,००० आकडे ओळीने देतो. चालेल ना?

उत्तर : नाही चालणार. पायथनमधलं टिमसॉर्ट (टिम पीटर्स यांनी २००२ मध्ये लिहिलेलं) आधीच क्रमाने लागलेली यादी एका फेरीत ओळखून मोकळं होतं. उलट पहिलाच आकडा पिव्हट (ज्याच्याशी तुलना करून यादीचे दोन भाग पाडायचे तो) धरणारं, कॉलेजात शिकलेलं क्विकसॉर्ट याच यादीवर संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात वेळ खातं. म्हणजे एक खोटं शहाणं दिसतं, दुसरं खोटं मूर्ख. यादी किती मोठी एवढंच नाही, ती कशी लागली आहे तेही बदलून पाहा.

प्रश्न : कोड वाचूनच बिग-ओ (काम वाढलं की वेळ कोणत्या चालीने वाढेल, ते सांगणारं माप) काढता येतो. मग मोजायचं कशाला?

उत्तर : कारण आपण लिहिलेला कोड आपण वाचतो, बोलावलेल्या फंक्शनच्या पोटात सहसा कोणी डोकावत नाही. ‘ग्रँड थेफ्ट ऑटो ऑनलाइन’ हा २०१३ चा गेम वर्षानुवर्षं लोड व्हायला मिनिटं खायचा. २०२१ मध्ये एका प्रोग्रामरने, सोर्स कोड हाताशी नसताना, त्यात प्रोफायलर घातला. सुमारे १० एमबीची जेसन (माहिती मजकुराच्या रूपात ठेवण्याचा एक साचा) फाइल, ६३,००० नोंदी. प्रत्येक तुकडा वाचायला एसस्कॅनएफ हे सी भाषेतलं तयार फंक्शन बोलावलं जायचं, आणि ते आतल्या आत दर वेळी उरलेल्या सगळ्या मजकुराची लांबी मोजायचं. कॉल दिसायला निरुपद्रवी, त्यामुळे वाचताना कोणाची नजर अडत नाही. पुढची गंमत पहिल्या प्रश्नकर्त्यासाठी : प्रत्येक नोंद ‘आधी आलीय का’ म्हणून सगळी यादी चाळली जायची, जवळजवळ २०० कोटी वेळा तुलना. आणि दुबार नोंद एकही नव्हती! दोन्ही दुरुस्त केल्यावर त्याच्या मशीनवर सहा मिनिटांचं लोडिंग दोनच्या आत आलं. कंपनीने दुरुस्ती स्वीकारली आणि त्याला १०,००० डॉलर दिले.