भयपट माणसाबद्दल, समाजाबद्दल खरंच काही सांगतात का, की नुसतं घाबरवतात?

सांगतात. जे घरात कुणी बोलत नाही नेमकं तेच सांगतात. आमच्याकडे यावरून जुना वाद आहे, म्हणून लिहायला बसले.

आमचे थोरले दीर अंधश्रद्धेविरुद्ध व्याख्यानं देतात. 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा त्यांना कलमांसकट पाठ आहे. त्या कामाबद्दल मला आदरच आहे. पण भुताचा सिनेमा लागला की भाऊजी रिमोट मागतात. ‘आमच्या वर्षभराच्या कामावर हे दोन तासांत पाणी ओततात,’ हे ठरलेलं.

एका रात्री मी, नणंद आणि सासूबाई ‘लपाछपी’ बघत होतो. विशाल फुरियांनी दिग्दर्शित केलेला, स्त्रीभ्रूणहत्येवरचा हा भयपट 2017 ला आलेला. गरोदर नेहा नवऱ्याबरोबर उसाच्या फडातल्या घरात राहायला येते, तिथे तुळसाबाई तिची देखभाल करते. माझं माहेर माळशिरसकडचं. तोडणीला आलेला ऊस आतून बघितलाय त्याला सांगायला नको: दोन सऱ्यांपलीकडचा माणूस दिसत नाही, पाला अंगाला कापतो, आणि वारा पडलेला असताना पाचट वाजलं की पाय जागेवर थबकतात.

सासूबाईंच्या मांडीवर विड्या वळायचं सूप होतं. पान, तंबाखू, दोरा, हाताकडे न बघता त्यांचं काम चालतं. भाऊजी आले, ‘बंद करा हे’ म्हणाले, आम्ही ऐकलं नाही तसे वरच्या खोलीत निघून गेले. इकडे तुळसाबाई पोरीशी गोड बोलायला लागली आणि सासूबाईंची बोटं थांबली. म्हणाल्या, “भूत कशाला पायजे गं हिला? असल्या बाया आमच्या गल्लीत होत्या. शेवटच्या खेपेला मलाबी अशीच गोड बोलून तपासायला नेली होती.”

मुलगी असल्याचं कळलं. ‘मोकळी हो’ म्हणून सगळं घर मागे लागलं, या एकट्या अडून बसल्या. ती मुलगी म्हणजे माझी नणंद. माझ्या शेजारीच बसली होती आणि तिलाही हे तेव्हाच कळलं. गर्भलिंगनिदानाविरुद्धचा 1994 चा कायदा येण्याच्या बऱ्याच आधीची ही गोष्ट. (दोघींना विचारूनच लिहितेय.)

भाऊजींच्या व्याख्यानांना सासूबाई पुढच्या रांगेत बसतात. स्त्रीभ्रूणहत्येवर ते तळमळीने बोलतात, तरी तिथे सासूबाईंनी कधी तोंड उघडलं नाही. तिथे गुन्हेगार म्हणजे ‘समाज’. समाजाला कोण ओळखणार? पडद्यावर मात्र लुगड्यातली मायाळू बाई होती, आणि तिला त्यांनी बघताक्षणी ओळखलं.

‘तुंबाड’ हा सिनेमाही बघा. 1918 ते 1947, एकाच घराची हाव. त्यात मला हस्तर राक्षसाची भीती वाटली नाही. त्या भुकेल्या राक्षसाला गुंतवायला बाप एक पिठाची बाहुली घेऊन विहिरीत उतरायचा आणि त्याचं सोनं उचलून आणायचा, पोरगा म्हणतो बाहुल्या जास्त नेऊ, म्हणजे जास्त सोनं. बापाला ते पटतं, तिथे अंगावर काटा आला.

सगळेच भयपट असे नसतात. मांत्रिक येतो, लिंबू कापतो, भूत बाटलीत जातं, असल्या सिनेमांबद्दल भाऊजींचं म्हणणं शंभर टक्के खरं. आणि घरात कुणी गरोदर असेल तर ‘लपाछपी’ सध्या राहू द्या.

तुमच्याही घरात कुणी न बघताच नावं ठेवत असेल, तर त्यांना शेवटपर्यंत बसवा, मग वाद घाला. आमचे भाऊजी अजून बसलेले नाहीत. सासूबाई काय बोलल्या ते मी त्यांना सांगितलं. ‘आईनं मला कधी सांगितलं नाही,’ एवढंच म्हणाले. भाऊजी, तुम्ही खोलीत थांबला असता तर तुम्हालाच सांगितलं असतं.