वाचकांचे प्रश्न : खोलीतली पाण्यावरची शेती

प्रश्न : माझा मुलगा जर्मनीत दोन वर्षे शिकून नुकताच परत आला आहे. तिथे १ एप्रिल २०२४ पासून प्रौढ माणसाला घरी गांजाची तीन झाडे लावता येतात आणि तो ज्या घरात राहत होता तिथल्या दोघांनी ती मातीशिवाय, नुसत्या पाण्यावर वाढवली होती, असे तो सांगतो. स्वतः त्याने हे कधी केलेले नाही. येताना त्याने ८० सेंटिमीटर लांबीरुंदीचा कापडी तंबू, १०० वॅटचा एलईडी दिवा, हवेचा पंप आणि २० लिटरची झाकणाची काळी बादली आणली असून, एका झाडाने कोणाचे काय बिघडते, असे त्याचे म्हणणे आहे. फ्लॅट माझ्या नावावर आहे. हे कायद्यात बसते का? बसत नसेल तर या सामानाचे काय करावे? – एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : हे कायद्यात बसत नाही; एका झाडापुरतेही बसत नाही. १९८५ च्या एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्याच्या कलम ८ नुसार गांजाच्या कोणत्याही झाडाची लागवड करण्यास मनाई आहे आणि कलम २० मध्ये त्यासाठी १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. ‘पाने तर भांग म्हणून चालतात’ हा युक्तिवाद मुले नेहमी करतात. गांजाच्या कायदेशीर व्याख्येतून नुसती पाने आणि बिया वगळलेल्या आहेत हे खरे. पण लागवडीचा गुन्हा त्या व्याख्येवर अवलंबून नसून ‘कॅनॅबिस’ वंशाच्या कोणत्याही झाडाला तो लागू होतो. उत्तराखंडासारख्या राज्याने औद्योगिक हेंपच्या, म्हणजे धागा व बी यांसाठी घेतल्या जाणाऱ्या कॅनॅबिसच्या लागवडीला वाट करून दिली आहे, पण ती परवान्याने, नशा आणणाऱ्या टीएचसी या घटकाचे प्रमाण ०.३ टक्क्याच्या आत असलेल्या पिकासाठी. पुण्यातल्या खोलीशी तिचा काही संबंध नाही.

आपल्या पत्रातले ‘फ्लॅट माझ्या नावावर आहे’ हे वाक्य मला सगळ्यांत महत्त्वाचे वाटले. याच कायद्याच्या कलम २५ नुसार, आपल्या जागेत असा गुन्हा होत आहे हे माहीत असून जो मालक तो होऊ देतो, त्याला मूळ गुन्ह्याचीच शिक्षा सांगितलेली आहे. आपण हे पत्र लिहिले म्हणजे आपल्याला माहीत आहे. तेव्हा मुलाला हे कलम स्वतः वाचायला द्या. आईच्या ओरडण्यापेक्षा त्याचा उपयोग अधिक होईल. बिया पोस्टाने मागवण्याचा विचार त्याच्या मनात असेल तर तोही काढून टाकायला सांगा, कारण परदेशातून कोणतेही पेरणीचे बी आणायला आयात परवाना आणि वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागते.

जर्मनीतली मोकळीकही वाटते तेवढी सैल नाही. तिथे किमान सहा महिने वास्तव्य असलेल्या प्रौढालाच ही परवानगी आहे, घरात ५० ग्रॅमपेक्षा जास्त वाळलेला माल ठेवता येत नाही, तो कोणाला विकता तर नाहीच पण देताही येत नाही, झाडे मुलांच्या हाती लागणार नाहीत अशी व्यवस्था करावी लागते आणि शेजाऱ्यांना उपद्रव होऊ द्यायचा नसतो. हे नियम त्या देशाच्या हद्दीपुरते आहेत; ते विमानात बसून सोबत येत नाहीत.

आता सामानाविषयी. ते टाकून देऊ नका. तंबू, दिवा, पंप आणि बादली यांना आपल्यात कोणते झाड येणार आहे हे ठाऊक नसते आणि हेच सामान आपल्याला वर्षभर पालक, लेट्यूस, पुदिना, तुळशीच्या जातीची बेसिल असे बरेच काही देऊ शकते. मुलाची ओढ खरोखर पाण्यावर झाड वाढवण्याची असेल तर ती या भाज्यांवर पूर्ण भागते, कारण नवशिक्याच्या हातून होणाऱ्या चुका कोणत्याही पिकात त्याच असतात : उजेडाचा अंदाज चुकतो, खताची तीव्रता वाढते आणि मुळे गुदमरतात.

यांतली तिसरी चूक सर्वांत घातक आहे आणि तिच्याविषयी सर्वांत कमी बोलले जाते, म्हणून मी तिच्यापाशी थोडा थांबतो. मुळांना पाणी लागते तितकाच प्राणवायू लागतो. २० अंश सेल्सिअस तापमानाच्या एका लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो; पाणी ३० अंशांवर गेले की तो साडेसातवर येतो, आणि नेमक्या त्याच उष्णतेत मुळे अधिक प्राणवायू मागतात व मूळकुज करणारी पिथियम बुरशीही जोर धरते. जर्मनीतल्या थंड खोलीत जी बादली बिनतक्रार चालते ती पुण्याच्या एप्रिलमध्ये चालणार नाही, याचे कारण हे आहे. झाकण उचलून मुळे पाहण्याची सवय मुलाने पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी. निरोगी मूळ दुधाळ पांढरे असते, बोटाला किंचित खरखरीत लागते आणि त्याला ओल्या मातीसारखा किंवा कसलाच वास नसतो. बिघडलेले मूळ तपकिरी होते, चिमटीत धरून ओढले की वरची साल सुटून हातात येते आणि आत दोऱ्यासारखा तंतू उरतो. वास साचलेल्या फुलदाणीसारखा येतो. पाने सुकलेली दिसण्याच्या कितीतरी दिवस आधी ही खूण मिळते.

म्हणून पहिली लावणी नोव्हेंबर ते जानेवारी या काळात करावी. उन्हाळ्यात चालवायचेच असेल तर दिवा रात्री लावावा आणि दिवसा झाडांना अंधार द्यावा. तंबू बंद असल्यामुळे झाडांना त्याने फरक पडत नाही आणि दिव्याची उष्णता दुपारच्या उष्णतेत मिसळत नाही. बादली फरशीवर टेकलेली असावी आणि काळी असल्यामुळे तिला बाहेरून पांढरे कापड गुंडाळावे.

वीज जाण्याची भीती असलेल्या घरात मी पंपावर विसंबून राहायला सांगत नाही. हवाई विद्यापीठातील बर्नार्ड क्रॅट्की यांनी रूढ केलेली पंपाविना पद्धत नवशिक्याला फार सोयीची आहे. झाकणाच्या भोकात बसवलेल्या जाळीच्या कुंडीचा तळ पाण्याला जेमतेम टेकेल इतकेच द्रावण, म्हणजे खत मिसळलेले पाणी, सुरुवातीला भरायचे; रोप पाणी पिते तशी पातळी खाली जाते आणि वरच्या मोकळ्या जागेत राहिलेली मुळे दमट हवेतून प्राणवायू घेऊ लागतात. इथे नवशिका मायेपोटी एक चूक करतो, ती म्हणजे पातळी उतरलेली पाहून बादली पुन्हा काठोकाठ भरतो आणि हवेला सरावलेली मुळे बुडवून मारतो. भर घालायचीच असेल तर तळाशी थोडीच घालावी. लेट्यूसच्या एका रोपाला साधारण चार लिटर द्रावण काढणीपर्यंत पुरते, त्यामुळे भर घालायची वेळ बहुधा येतही नाही.

दिव्याबाबत सांगायचे तर, १०० वॅटचा दिवा पालेभाजीला त्या जागेत जास्तच होतो. तेज कमीजास्त करण्याची सोय असेल तर निम्म्यावर आणून रोज १४ तास लावावा. म्हणजे दिवसाला ०.७ आणि महिन्याला २१ युनिट वीज लागेल. रोपे उंच, किडकिडीत होऊन आडवी पडू लागली तर उजेड कमी पडतो आहे आणि पानांच्या कडा वर वळून वरची पाने फिकी पडली तर तो जास्त होतो आहे, असे समजावे.

पाणीसाठ्यात उजेड शिरू देऊ नये, नाहीतर दोन आठवड्यांत हिरवे शेवाळ येते. काळ्या बादलीला तो धोका कमी. पण झाकणाच्या मोकळ्या भोकावर काळी पट्टी लावावी.

प्रश्न : सांगलीत घराच्या आतल्या खोलीत दिव्याखाली मी पालक आणि लेट्यूस लावले आहे. बोअरचे पाणी वापरतो आणि शेतीच्या दुकानात मिळणारे १९:१९:१९ हे विद्राव्य खत देतो. टीडीएस मीटर ११०० दाखवतो, म्हणजे खत भरपूर आहे, तरी नवी पाने पिवळी निघतात. शिरा मात्र हिरव्या आहेत. दुकानदार खत वाढवा म्हणतो. – एक वाचक, सांगली

उत्तर : खत वाढवू नका. आपण शिरांचे निरीक्षण नोंदवलेत, त्यामुळे निदान सोपे झाले. पिवळेपणा कोवळ्या पानांवर असेल आणि शिरा हिरव्या असतील तर तो बहुतेक वेळा लोहाच्या कमतरतेचा असतो. जुन्या, खालच्या पानांवर तसाच नमुना दिसला असता तर मी मॅग्नेशियमकडे बोट दाखवले असते, कारण झाड मॅग्नेशियम जुन्या पानांतून काढून नव्यांना देऊ शकते, लोह मात्र एकदा बसले की हलत नाही.

लोह पाण्यात असूनही मिळत नसण्याचे कारण बोअरच्या पाण्यात आहे. त्यातील बायकार्बोनेटमुळे सामू (पीएच) वर चढतो आणि साडेसहाच्या पुढे गेला की साध्या ईडीटीए रूपातले, म्हणजे पाण्यात विरघळलेले राहावे म्हणून ईडीटीए या रसायनाशी बांधलेले लोह निकामी होऊ लागते. पालेभाजीला ५.५ ते ६.५ सामू मानवतो. पाणी मोजून घ्या. बहुधा साडेसातच्या वर निघेल. तो उतरवण्यासाठी फॉस्फोरिक आम्ल थेंबाथेंबाने वापरावे, हातमोजे घालावेत आणि नेहमी पाण्यात आम्ल घालावे, आम्लात पाणी कधीही नाही. लिंबू पिळून काम होते असे पुष्कळ लोक सांगतात. ते दोन दिवस होते, मग सूक्ष्मजीव सायट्रिक आम्ल खाऊन टाकतात आणि सामू पूर्वपदावर येतो.

मीटरच्या आकड्याने आपली दिशाभूल केली आहे. तो पाण्यातले सगळे क्षार मोजतो. खत कोणते आणि बोअरचे मीठ कोणते हे त्याला कळत नाही. आधी नुसते बोअरचे पाणी मोजा. ते ८०० असेल तर आपण खत फक्त ३०० चे दिले आहे. शिवाय काही मीटर विद्युतवाहकतेच्या एका एककाला (मिलिसीमेन्स प्रति सेंटिमीटर) ५०० धरतात तर काही ७००, म्हणून दोन घरांचे आकडे जुळत नाहीत. थेट विद्युतवाहकता वाचणे बरे : लेट्यूसला १.२ ते १.८ आणि पालकाला त्याहून थोडी जास्त चालते.

आणि १९:१९:१९ हे खत मातीसाठी उत्तम असले तरी एकट्याने पाण्यात पुरत नाही. त्यातला निम्म्याहून अधिक नत्र युरियाच्या रूपात असतो, जो मातीतले जिवाणू झाडासाठी बदलून देतात. आपल्या बादलीत ते जिवाणू पुरेसे नसतात. कॅल्शियम तर त्यात नाहीच. हायड्रोपोनिक्ससाठी, म्हणजे पाण्यावरच्या शेतीसाठी ‘ए’ आणि ‘बी’ अशा दोन बाटल्यांत मिळणारे खत घ्या. एकीत कॅल्शियम नायट्रेट असते आणि दुसरीत सल्फेट व फॉस्फेट, आणि ही दाट द्रावणे एकमेकांत थेट ओतायची नसतात. मी पहिल्या वर्षी वेळ वाचावा म्हणून दोन्ही एकाच मगमध्ये घेतली होती. क्षणात मग ताकासारखा पांढरा झाला, तळाशी चुन्यासारखा थर बसला आणि तो पुन्हा विरघळेना. कॅल्शियम आणि सल्फेट यांचे जिप्सम झाले होते, म्हणजे पैसे देऊन आणलेले अन्न झाडाच्या उपयोगातून गेले. एक बाटली पूर्ण पाण्यात ढवळून मगच दुसरी घालावी.

शक्य असेल तर निम्मे आरओचे शुद्ध केलेले आणि निम्मे बोअरचे पाणी असे मिश्रण करा. आरओ यंत्रातून बाहेर टाकले जाणारे पाणी मात्र वापरू नका. त्यात बोअरचेच क्षार अधिक दाट होऊन उतरलेले असतात.

प्रश्न : मे महिन्यात लेट्यूसचे बी तीनदा टाकले, उगवले नाही. धने मात्र उगवले. बी खोटे निघाले का? – एक वाचक, नागपूर

उत्तर : बी खरे असण्याची शक्यता जास्त आहे. लेट्यूसचे बी साधारण ३० अंशांच्या वर झोपून राहते आणि नागपूरच्या मे महिन्यात खोलीही त्याच्या पुढे असते. ओल्या मलमलीत बी पसरून डब्यात घाला, फ्रीजच्या भाजीच्या कप्प्यात दोन दिवस ठेवा, मग घरातल्या सर्वांत थंड जागी उजेडात काढा आणि वरून काही झाकू नका. पांढरा कोंब टोचल्यासारखा दिसला की लगेच स्पंजच्या चिरेत ठेवा. मूळ नखाएवढे होईपर्यंत थांबलात तर ते हलवताना मोडते.