तीन लाखांच्या कागदावर सही झाली म्हणून हक्क संपत नाही

ताई, आपल्या पत्रातील हकीकत थोडक्यात अशी. आपले पती एकोणिसाव्या वर्षी सैन्यात भरती झाले, नियंत्रण रेषेवरील गोळीबारात पायाला गंभीर जखम झाल्याने चोविसाव्या वर्षी त्यांना सेवेतून बाहेर पडावे लागले आणि पुढे ते एका कारखान्यात दरमहा 26,000 रुपये वेतनावर काम करीत होते. मार्च 2025 मध्ये कामाच्या पाळीतच यंत्रावर अपघात होऊन त्यांचा मृत्यू झाला, तेव्हा त्यांना 28 वर्षे पूर्ण झाली होती. मागे आपण, दोन वर्षांची मुलगी आणि विधवा सासूबाई आहात. व्यवस्थापनाने तीन लाख रुपये देऊन ‘यापुढे कोणताही दावा नाही’ अशा मुद्रांकपत्रावर आपली सही घेतली. पाय अधू असल्याने तोल गेला, चूक त्यांचीच होती आणि आपल्याला लष्कराची पेन्शन आहेच, असेही आपल्याला ऐकवण्यात आले. यातील एकही मुद्दा आपला दावा अडवू शकत नाही.

त्या कागदाची धास्ती बाळगू नका. कर्मचारी नुकसानभरपाई कायदा, 1923 च्या कलम 17 नुसार भरपाईचा हक्क सोडून देणारा करार निरर्थक ठरतो. शिवाय मृत्यूच्या प्रकरणात मालकाने भरपाईची रक्कम आयुक्तांकडेच, म्हणजे या कायद्याखालील दावे ठरवणाऱ्या अधिकाऱ्याकडेच, जमा करावी लागते. परस्पर वारसांच्या हाती दिलेली रक्कम कलम 8 प्रमाणे भरपाई म्हणून धरलीच जात नाही. तीन महिन्यांच्या वेतनाइतकी रक्कम मात्र आगाऊ म्हणून वजा होऊ शकते. 21 नोव्हेंबर 2025 पासून या कायद्याची जागा घेणारी सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली असली, तरी हा मृत्यू त्याआधीचा असल्याने दायित्व जुन्या कायद्यानुसारच ठरेल.

चूक त्यांचीच होती या आरोपाचे मला विशेष वाईट वाटले, कारण देशासाठी झालेली जखमच त्यांच्याविरुद्ध वापरली गेली. कामगाराने नशा केली, आदेश मुद्दाम मोडला किंवा सुरक्षा साधन काढून टाकले, असे बचाव कायद्यात आहेत. पण कामगाराचा मृत्यू झाला असेल तर तेही मालकाला घेता येत नाहीत. मग निव्वळ तोल जाण्याचा प्रश्नच उरत नाही.

रक्कम सूत्राने ठरते. वेतन कितीही असले तरी हिशेबासाठी दरमहा 15,000 रुपयेच धरले जातात; त्याच्या निम्म्याला, म्हणजे 7,500 ला, 28 वर्षांसाठीच्या 211.79 या गुणकाने गुणले की 15,88,425 रुपये होतात. मृत्यूनंतर एका महिन्यात ही रक्कम जमा न झाल्यास वर्षाला 12 टक्के व्याज लागते आणि उशिराला सबळ कारण नसेल तर 50 टक्क्यांपर्यंत दंडही होऊ शकतो. या सूत्रात पेन्शन वजा करण्याची तरतूद नाही. पत्नी, अल्पवयीन अपत्ये आणि विधवा आई यांना आपण मृतावर अवलंबून होतो हे सिद्धही करावे लागत नाही. सासूबाईंचा वाटा आयुक्त ठरवतील, म्हणून त्यांनाही अर्जात सामील करून घ्या.

एक गोष्ट आधी तपासा. पगारपत्रकात ईएसआयची, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेची, कपात दिसत असेल, तर हा दावा चालणार नाही आणि आपल्याला त्या योजनेतून दरमहा आश्रित लाभ मागावा लागेल. तिची वेतनमर्यादा 21,000 आणि दिव्यांगांसाठी 25,000 रुपये असल्याने आपले पती बहुधा योजनेबाहेर असावेत, पण खात्री करूनच पुढे जा.

लष्कराच्या कौटुंबिक पेन्शनसाठी डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) आणि मृत्यूचा दाखला घेऊन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. सैनिकांच्या सेवानोंदी ठेवणाऱ्या रेकॉर्ड ऑफिसशी पत्रव्यवहार करायला ते मदत करतात. भविष्य निर्वाह निधीच्या कार्यालयात निधीसोबत विधवा पेन्शन आणि सात लाखांपर्यंतच्या विम्याचाही अर्ज द्या. हा विमा पुष्कळ कुटुंबांना ठाऊकच नसतो.

मुदत मृत्यूपासून दोन वर्षांची, म्हणजे मार्च 2027 पर्यंतची आहे; तरी आजच वकील नेमून आयुक्तांकडे अर्ज दाखल करा. सोबत पंचनामा, शवविच्छेदन अहवाल, वेतनाच्या नोंदी आणि त्या मुद्रांकपत्राची प्रतही जोडा. ती लपवू नका, कारण आपले पती त्यांचेच कामगार होते आणि कामावर असतानाच गेले, हे व्यवस्थापनाने त्यात स्वतःच्या सहीनिशी मान्य केलेले असण्याची शक्यता आहे.