सांगलीतल्या आमच्या जुन्या घराच्या छताला लोखंडी गर्डर आणि मध्ये विटांच्या कमानी आहेत. हे आरसीसी आहे का? वर स्लॅब टाकता येईल का?

आरसीसी नाही, हा जॅक आर्च. दोन गर्डरांच्या खालच्या पाकळ्यांवर (बाजूला आलेल्या आडव्या पट्ट्यांवर) विटांची उथळ कमान टेकवायची, वर चुन्याचा कोबा. आरसीसीत सळई काँक्रीटच्या पोटात असते. ताण सळई घेते, दाब काँक्रीट. उन्हात दोन्ही जवळपास सारखीच प्रसरण पावतात म्हणून ही जोडी जमली.

गर्डरच्या उभ्या पट्टीवर उठावाची अक्षरं, म्हणजे कारखान्याचं नाव, आहे का ते बॅटरी मारून बघा. टाटांचं पोलाद साकचीत (आजचं जमशेदपूर) १९१२ ला निघालं, त्याआधीचा गर्डर म्हणजे बाहेरून आलेला माल. पोरबंदरचं सिमेंटही १९१४ चं, म्हणून तेव्हा चुनाच जास्त दिसतो.

वर स्लॅब मुळीच टाकू नका. आधी गर्डरची भिंतीत गेलेली टोकं उकरून बघा. २०१९ च्या पुरानंतर गावभागातल्या एका घरात मी उकरली, तर गंजाच्या खपल्या पापडासारख्या हातात आल्या. खालून मात्र रंग अगदी शाबूत! कडेच्या कमानीतला आडवा टाय रॉडही काढू नका, कमानीचा बाहेरचा रेटा तोच धरून असतो. स्ट्रक्चरल इंजिनिअरला प्रत्यक्ष दाखवाच.