मुलगा प्लॉट विकायला निघालाय, लायसन्स लागतं का?

नागपुरातल्या मानेवाड्याच्या एका ताईंचं पत्र आलंय. मुलगा २१ चा, बीकॉम फायनलचे दोन पेपर राहिलेत, आणि दर रविवारी एका प्लॉटवाल्या कंपनीच्या गाडीतून लोकांना उमरेड रोडला साईट दाखवायला नेतो. कंपनी म्हणते आमचा रेरा (प्लॉट-फ्लॅटच्या धंद्यावरचा सरकारी कायदा) नंबर आहे, तुला वेगळं काही लागत नाही. एक ओळखीचा म्हणतो २५ हजार द्या, परीक्षेशिवाय सर्टिफिकेट आणून देतो. आणि मागच्या आठवड्यात एका काकांनी ११ हजार टोकन थेट मुलाच्या फोनवर टाकलं. ताई विचारतात, हे काम बरं आहे का, की पोरगं दलालीत वाया जाईल?

ताई, काम चांगलं आहे, पण तो आत्ता जसं करतोय तसं नाही. रेरा कायदा २०१६ चा, त्यात स्पष्ट लिहिलंय की नोंदणी झालेल्या प्रोजेक्टमधला प्लॉट-फ्लॅट विकून द्यायचा तर एजंटची स्वतःची नोंदणी पाहिजे, नाहीतर दिवसाला १० हजार दंड, आणि तो वाढत वाढत त्या प्रॉपर्टीच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत जातो. कंपनीत नोकरीला राहिला तरी महारेराच्या (हा कायदा राज्यात राबवणारं सरकारी प्राधिकरण) आदेशाने सेल्सच्या माणसाला सर्टिफिकेट लागतंच, म्हणजे "आमचा नंबर आहे ना" हे अर्धंच खरं.

रस्ता सरळ आहे. महारेराने मान्य केलेल्या संस्थेत २० तासांचं ट्रेनिंग, मग आयबीपीएस (बँकांच्या भरतीच्या परीक्षा घेणारी संस्था) घेते ती कॉम्प्युटरवरची परीक्षा, पास झालं की सर्टिफिकेट. मग महारेराच्या पोर्टलवर एजंट म्हणून अर्ज, पॅन, आधार, पत्त्याचा पुरावा, फोटो वगैरे, एकट्या माणसाला फी १० हजार आणि नोंदणी ५ वर्षं चालते. बीकॉम करणाऱ्या पोराला हे जड नाही हो, त्यामुळे त्या २५ हजारवाल्याला घरात घेऊच नका, खोट्या सर्टिफिकेटवर काढलेली नोंदणी उद्या रद्द झाली की बाजारात नाव गेलं समजा.

पण मला खरी काळजी कागदांची आहे. नागपुरात फ्लॅटपेक्षा प्लॉटचा धंदा मोठा, आणि प्लॉट म्हटलं की एनए-टीपी (बिगरशेती आणि टाऊन प्लॅनिंगची मंजुरी) झालंय का, नासुप्रचं (नागपूर सुधार प्रन्यास) आरएल, म्हणजे प्लॉटसाठीचं त्यांचं पत्र आहे का, की नुसतेच शेतजमिनीवर चुना मारून प्लॉट पाडलेत, हे एजंटलाच माहीत नसतं. आमच्या शेजारच्या काकांची पावती मी हातात घेऊन बघितलीय, पिवळा कागद, बॉलपेनने लिहिलेलं "प्लॉट नं. ४७", एजंटचा रेरा नंबर कुठेच नाही, आणि सातबाऱ्यावर त्या जमिनीचे तुकडेच पडलेले नव्हते. एजंट त्यांच्याच ओळखीतला पोरगा होता, त्याने फसवलं नव्हतं, त्याला सातबारा वाचताच येत नव्हता. तेव्हा तुमच्या मुलाला सांगा, ज्या लेआउटला लोकांना नेतो त्याचा सातबारा आधी स्वतः काढ, त्यातला "इतर हक्क" हा रकाना वाच, आणि प्रोजेक्टचा नंबर महारेराच्या साइटवर टाकून बघ. ५०० चौरस मीटरच्या वरचा लेआउट असेल आणि नंबरच नसेल तर तिथे लोकांना नेऊ नको.

नोंदणी होईपर्यंत कमाई हवी तर भाड्याच्या रूम दाखवू दे, त्याला रेरा लागत नाही. आणि बीकॉमचे दोन पेपर सोडायचे नाहीत, हे मी त्यालाही फोनवर सांगेन.

ते ११ हजार मात्र याच आठवड्यात निपटवा. टोकन देणाऱ्या काकांना विचारून, ते हो म्हणाले तर कंपनीच्या खात्यात भरा आणि प्रोजेक्टचा नंबर असलेली पक्की पावती काकांच्या हातात द्या, कंपनी पावती द्यायला टाळाटाळ करत असेल तर पैसे काकांना परत करा, ट्रान्सफरचा स्क्रीनशॉट ठेवा, आणि त्या कंपनीच्या गाडीत पुढच्या रविवारी त्याला बसू देऊ नका.