वाचकांचे प्रश्न : एकटीने ‘नाही’ म्हणताना

प्रश्न : आमच्या विभागाचा हजेरीपट माझ्याकडे असतो. दुपारीच निघून गेलेल्या सहकाऱ्यांचीही पूर्ण दिवसाची हजेरी लावायची, ही तिथली जुनी रीत. सहा महिन्यांपूर्वी मी ती बंद केली. तेव्हापासून मला सगळे ‘हरिश्चंद्र’ म्हणतात, सुट्टीत मी टेबलाशी गेले की बोलणे थांबते, आणि ‘जगाच्या उलट कशाला वागायचे?’ असे घरचेही ऐकवतात. सगळे एकाच माळेचे मणी असताना मी एकटी काय करणार? माझेच तर चुकत नाही ना?

उत्तर : तुमचे चुकलेले नाही, हे आधीच सांगून टाकतो. तुमच्या मनातली शंका हजेरीपटामुळे आलेली नाही. तुम्ही जवळ गेल्यावर थांबणाऱ्या बोलण्यामुळे आली आहे, आणि अशी शंका भल्याभल्यांना येते. सॉलोमन ॲश या मानसशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला काही प्रयोग केले. लहानशा गटाला दोन कार्डे दाखवायची, एकावर एक रेघ, दुसऱ्यावर कमीजास्त लांबीच्या तीन, आणि पहिलीइतकी रेघ कोणती ते प्रत्येकाने मोठ्याने सांगायचे. गटातला एक जण सोडून बाकीचे सगळे आधी पढवलेले असत आणि १८ पैकी १२ फेऱ्यांत एकमुखाने चुकीचे उत्तर देत. एकट्याने उत्तर देताना ज्या प्रश्नात चूक जवळजवळ होतच नव्हती, तिथे सुमारे तीन चतुर्थांश माणसे निदान एकदा तरी डोळ्यांना दिसणारे सोडून बहुमतामागे गेली. रेघेच्या लांबीवर कोणाचा पगार अवलंबून नव्हता, हे लक्षात घ्या.

त्याच प्रयोगांतली पुढची गोष्ट तुमच्या अधिक उपयोगाची आहे. गटात आणखी एकानेच खरे उत्तर दिले, तरी बहुमतापुढे मान तुकवण्याचे प्रमाण पूर्वीच्या साधारण एक चतुर्थांशावर येत असे. म्हणजे तुम्हाला अख्खा विभाग जिंकायचा नाही, एक माणूस शोधायचा आहे, आणि म्हणूनच पत्रातले ‘एकाच माळेचे मणी’ हे शब्द मला खटकले. जे लवकर निघून जातात त्यांचे उरलेले काम संध्याकाळपर्यंत बसून कोणीतरी उरकत असणारच. त्या व्यक्तीशी तुम्ही कधी बोललात का? ती गप्प आहे याचा अर्थ तिला हे मान्य आहे असा होत नाही. पण तुम्ही तिलाही इतरांच्याच माळेत ओवलेत, तर ती तुमच्या बाजूला येणार तरी कशी?

नकार देताना प्रवचन टाळावे. ‘जो समोर नाही, त्याची हजेरी मला लावता येत नाही’ एवढे वाक्य पुरते, आणि ते जिवलग मैत्रिणीलाही त्याच सुरात ऐकवता आले पाहिजे. तुम्हाला स्वतःला उशीर झाला, तर तोही त्याच पानावर त्याच शाईने नोंदवा. एखाद्याच्या घरी खरोखरच आजारपण असेल, तर अर्ध्या दिवसाच्या रजेचा अर्ज लिहून द्यायला तुम्ही पुढे व्हा. मात्र एवढे करूनही टेबलावरचे बोलणे पुन्हा सुरू होईलच, असा भरवसा मी देणार नाही.

प्रश्न : तत्त्वनिष्ठा आणि हटवादीपणा यांतला फरक माणसाने स्वतःपुरता कसा ओळखावा?

उत्तर : दोन गोष्टी तपासून पाहाव्यात. आपल्या आग्रहाची किंमत आधी आपण मोजतो आहोत की दुसऱ्याला मोजायला लावतो आहोत, ही एक. आणि समोरच्याने कारण विचारले तर ते सांगायची आपली तयारी उरली आहे की नुसता आवाज चढतो आहे, ही दुसरी. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी संततिनियमनाच्या प्रचारापायी १९२५ मध्ये प्राध्यापकी सोडली, आणि १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवले. लोकांनी त्यांना नावे ठेवली, तरी ते वाचकांच्या प्रश्नांना कारणे देऊन उत्तरे देत राहिले. १९३४ चा त्यांच्यावरचा अश्लीलतेचा खटला तर अशाच उत्तरांवरून झाला (प्रश्नोत्तरांचे सदर लिहिणाऱ्याला ही गोष्ट विसरता येत नाही). तो खटला ते हरले. पण न्यायालयात त्यांची बाजू मांडायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे होते.